ओसाड गावाचा हॉकी संघ

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

नुसतं लिहिलं नाहीत, खाली लफ्फेदार सही ठोकलीत, त्यावर शिक्का उमटवलात आणि मुंबईला जाऊन पंख्याखाली बसलात. "मौजे चिरंबे, तालुका मालवण, हे गाव निर्मनुष्य असून सदर हॉकी संघ अस्तित्वात नाही." एवढ्या एका वाक्यात तुम्ही आमची माणसं, गुरं, कोंबड्या आणि गुरुदास घाडी यांना पुसून टाकलंत. माणसांचं आणि गुरांचं एक वेळ सोडा, त्यांना याआधीही बऱ्याच खात्यांनी पुसून पाहिलं आहे. पण गुरुदासाला पुसलंत ते चालायचं नाही, कारण ते त्याच्या बायकोला चालत नाही. तेव्हा चहा मागवा, पंखा जरा कमी करा आणि काय झालं ते ऐका.

आपण रोमला हॉकीची अंतिम मॅच हरलो, त्या सालातली ही गोष्ट. सगळा देश हळहळला. चिरंब्यात पेपर उशिरा येतो म्हणून आम्ही उशिरा हळहळलो, पण कमी नाही. मग तुमच्या हॉकी महामंडळाला जाग आली. मुंबईएवढ्या शहरात पगारी खेळाडूंचा हॉकी संघ एकच आहे, आणि एकुलत्या एका संघाने खेळायचं तरी कुणाशी, असा प्रश्न तुम्हाला पडला. प्रश्न चांगला होता. तुम्ही पेपरात जाहीर केलंत: मुंबईला दुसरा पगारी संघ हवा आहे, राज्यातल्या कुठल्याही गावाने तयार संघ दाखवावा, पसंत पडला तर खेळाडूंना आणि त्यांच्या शिक्षकाला मुंबईत कायमची नोकरी.

हे गुरुदास घाडीने वाचलं आणि त्याच्या हातातली पेज निवली.

गुरुदास पूर्वी मुंबईत एका गिरणीच्या संघातून डावीकडून पळायचा. गिरणीने खेळ बंद केले, कापूस चालू ठेवला, आणि गुरुदास आपली काठी घेऊन गावी परत आला. गावात त्याचं नाव पडलं हॉकीवालो. भात कापून कुणगे मोकळे झाले की संध्याकाळी तो पोरांना गोळा करून शिकवायचा. कुणगा म्हणजे भाताचा चौकोनी तुकडा, आणि दोन कुणग्यांच्या मध्ये मातीची मेर. मैदान म्हणून अशा जमिनीची जगात कुणी शिफारस करणार नाही. पण चिरंब्याची पोरं चेंडू मेरेपर्यंत न्यायची, अलगद उचलून पलीकडे टाकायची आणि स्वतः उडी मारून पुन्हा पकडायची. मुंबईच्या सपाट मैदानावर मेर नाही म्हणून ती अडखळतील की काय, एवढीच गुरुदासाला काळजी होती.

त्याची बायको सुगंधा हिला ही काळजी नव्हती. तिला दुसरी होती. तिचा भाऊ शंकर मसुऱ्यात भाताची गिरण चालवायचा आणि त्याला गिरणीवर बसायला विश्वासाचा माणूस हवा होता. विश्वासाचा माणूस घरात असून तो कुणग्यात उड्या मारतो, हे तिला पटत नव्हतं.

"आयकलात?" ती म्हणाली. "ह्यो तुमचो संघ मुंबैक गेलो, तर मी गुमान तुमच्या वांगडा येतंय. नाय गेलो, तर शंकराच्या गिरणीर बसायचा. मगे घरात हॉकीचा नाव काढूचा नाय. आसा कबूल?"

"कबूल," गुरुदास म्हणाला. तो हे जोरात म्हणाला, आणि त्यावरूनच तो घाबरला होता हे कळलं.

आता कुणी विचारील, मेव्हण्याच्या गिरणीवर बसण्यात वाईट काय? वाईट काहीच नाही. कोंडा अंगभर बसतो, तो धुतला की जातो. पण दर गिऱ्हाईक "काय भावोजी, आज खेळ नाय?" असं विचारतं, आणि मेव्हणा मागून हसतो, ते धुऊन जात नाही. ज्यांना मेव्हणे आहेत त्यांना अधिक सांगायला नको. ज्यांना नाहीत त्यांनी देवाचे आभार मानावेत आणि पुढे वाचावं.

अर्ज लिहायला गुरुदास बसला तेव्हा अंगणात अर्धी वाडी जमली. कोकणात माणूस एकट्याने ताप काढू शकतो, पण एकट्याने अर्ज लिहू शकत नाही. खेळाडू लवू, म्हणजे आमच्या बंदरावरचा, जाळं ओढून ओढून ज्याचे खांदे नांगरासारखे झाले आहेत तो, त्याची आई चंद्रावती मासळीची पाटी उतरवून तिथेच बसली आणि म्हणाली, "लिव, आमचो लवू पोवता बरो."

"काकी, हॉकीत पोवचा नसता."

"नसूंदे. कळांदे तेंका. मुंबैक पाणी तुंबता म्हणतत."

अर्जाबरोबर मैदानाचा दाखला हवा होता. गुरुदास तलाठ्याकडे गेला. तलाठी घाटावरचे, बोलायला गोड, करायला कठीण. त्यांनी सातबारा काढला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"इथे भात आहे."

"कापला, रावसाहेब. आता तिथे हॉकी आहे."

"कागदावर भात आहे. भाताच्या जमिनीत तुम्ही हॉकी केलीत तर हॉकीचा आकार लावावा लागेल, आणि हॉकीचा दर आमच्या तक्त्यात नाही. नाचणी करा. नाचणीचा आहे."

मामलेदार कचेरीत आणखी वेगळी तऱ्हा. गोलाला लावायला जाळी हवी असं अर्जात वाचून तिथल्या कारकुनाने तो मत्स्य खात्याकडे धाडला. मत्स्य खात्याने होडीचा नंबर मागितला. गुरुदासाने कळवलं की होडी नाही. खात्याने उलट कळवलं की होडी नसताना जाळी बाळगणं संशयास्पद आहे. शेवटी गुरुदासाने दाखल्यावाचूनच अर्ज मुंबईला पाठवला, आणि साहेब, तुमच्या कचेरीने तो घेतला. त्या वेळी गाव निर्मनुष्य नव्हतं. त्या वेळी आमच्या तिकिटाला तुम्ही खुशाल शिक्का मारलात.

एवढं झाल्यावर कुणाच्याही मनात आलं असतं, आता सराव करू. पण चिरंबे गाव आहे आणि गावाला मानकरी आहेत. पालखीला पहिला खांदा कुणाचा, जत्रेत पहिला नारळ कुणाचा, शिमग्यात होळीला पहिला हात कुणाचा, हे सगळं आजे-पणजे ठरवून गेले आहेत. हॉकीचं तेवढं ठरवून जायचे राहिले. रवळनाथाच्या देवळात गाव बसलं आणि गावचे पहिले मानकरी काशीराम गावकर यांनी पानाची पिंक टाकून विषय काढला. काशीराम तात्यांचं वय झालं आहे, पण मान तसाच ताजा आहे.

"गुरुदास, हॉकीत पयलो मान कोणाचो?"

"तात्यानु, हॉकीत मान नसता. जागा असतत."

"जागा म्हणजेच मान. मधी कोण उभो रवता?"

"लवू."

"लवूचो बापूस पालखीक मागच्या दांड्याक असता. आणि झिल मधी?"

"तेका गोल मारूक येता म्हणान."

"गोल कोणय मारीत. मधी उभ्या रवाक घराणा लागता."

मानकरी बारा, आणि हॉकीत जागा अकरा. सगळ्यांना पुढच्या जागा हव्या होत्या. मागे उभं राहायला एकही घराणं तयार नव्हतं. गोलात उभा राहायला तर कुणीच नाही, कारण वेशीवर राखण करायची ती वाडीच्या न दिसणाऱ्या राखणदाराने, माणसाने तिथे पाय रोवणं म्हणजे त्याच्या कामात ढवळाढवळ. कुणीतरी सुचवलंही, की गोलात एक नारळ ठेवावा आणि राखणदारावर सोडून द्यावं. गुरुदासाने डोकं धरलं. ज्यांनी जन्मात हातात काठी धरली ती फक्त दुसऱ्याच्या गुराला मारायला, ते बारा जण मुंबईला हॉकी खेळायला निघाले होते. मान असा असतो. तो अंगाला येतो की नाही हे कुणी बघत नाही.

तडजोड बुलीवर झाली. त्या काळी खेळ बुलीने सुरू व्हायचा. दोन बाजूंचे दोघे समोरासमोर उभे राहायचे, काठ्या जमिनीला आणि एकमेकींना तीनदा टेकवायचे आणि मगच चेंडू पळायचा. हे ऐकून तात्या खूश झाले.

"ह्या आमच्या देवळातल्यासारख्याच आसा. तीनदा टेकवचा. ह्यो मान माझो. टेकवलंय की मी भायर. मगे तुमी काय व्हयो तो धुडगूस घाला."

"तात्यानु, बदली माणूस घेवक गावत नाय. तुमी भायर गेलात तर आमी दहाच उरतलो."

"दहा जणांत जिंका. तेतच मर्दुमकी."

गावाने माना डोलावल्या. गुरुदासानेही डोलावली. बाकीचे अकरा मानकरी मग पान खायला मोकळे झाले, आणि लवूसकट दहा खरे खेळाडू निवडले गेले.

काठ्या करायचं काम धोंडू मेस्त्रीने अंगावर घेतलं. धोंडू होड्या बांधतो. होडीच्या फासळीसाठी तो रानात जाऊन मुळात वाकडं वाढलेलं लाकूड शोधतो, म्हणजे ते कापून वाकवावं लागत नाही आणि वादळात मोडत नाही. तसंच लाकूड त्याने हॉकीला आणलं. काठ्या वादळात मोडल्या नसत्या हे खरं, पण एक काठी उचलायला दोन हात आणि थोडी भक्ती लागायची. फटका मारला की चेंडूपेक्षा मारणारा पुढे जायचा.

"जड जातत रे धोंडू," गुरुदास म्हणाला.

"जड कित्याक? होडीक जड होनत नाय."

"होडी पाण्यात असता."

"मगे तुमी पाण्यात खेळा."

रंधा मारून मारून काठ्या हलक्या झाल्या. पण धोंडूने सवयीने त्यांना होडीला लावतात ते माशाचं तेल चोपडलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गावातली मांजरं सरावाला यायला लागली. लवू चेंडू घेऊन पळाला की मागून प्रतिपक्ष आणि प्रतिपक्षाच्या मागून मांजरं. पायात मांजर न आणता पळायला शिकलेला खेळाडू जगात कुठेही पळू शकतो, असं गुरुदास स्वतःला समजवायचा. संघ खरंच चांगला तयार झाला होता, साहेब. हे मी त्याच्या वतीने लिहितो, कारण तो स्वतः असं लिहिणार नाही.

मग तुमची तार आली. तपासणी अधिकारी, म्हणजे तुम्हीच, गुरुवारच्या बोटीने मालवणला उतरतील आणि संघ त्याच्या गावातच तपासतील.

गुरुदासाने तार देवळात नेऊन सगळ्यांना वाचून दाखवली. टाळ्या वाजल्या नाहीत. सगळे काशीराम तात्यांकडे बघायला लागले आणि तात्या देवाकडे बघायला लागले, कारण त्याच सकाळी देवाने कौल दिला होता. त्याच गुरुवारी गावपळण.

मुंबईत गावपळण नसते, म्हणून सांगतो. आमच्या किनाऱ्यावर काही गावांत अशी रीत आहे की काही वर्षांनी देव कौल देतो आणि सगळं गाव तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. घरांना कड्या, चुलीत राख. त्या दिवसांत गाव देवाचं, तिथे माणसाने पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर पळण मोडली, आणि मोडली तर सगळं पहिल्यापासून. पुन्हा कौल मिळाला की वाजतगाजत परत यायचं. का, ते आम्हाला विचारू नका. तुम्ही मार्च महिन्यात कागद का जाळता, ते आम्ही विचारत नाही.

"तात्यानु," गुरुदास म्हणाला, "देवाक सांगा, पुढच्या आठवड्यात जातलो."

"देव काय तुझो मामलेदार आसा, तारीख वाढवन घेवक?"

"एकदा इचारून तरी बगा."

गुरवाने पुन्हा विचारलं. देवाच्या अंगावर तांदूळ लावले, आणि ते होते त्याच बाजूने पडले. देवाने तारीख बदलली नाही, पण उत्तर तरी तिथल्या तिथे दिलं. गुरुदासाने तुम्हालाही तार केली होती, साहेब: गाव मोकळे, आठवड्याने यावे. तिचं उत्तर अजून यायचं आहे.

मग गुरुदासाने बेत केला. गाव खाडीपलीकडच्या वाळूवर उतरणार होतं. ओहोटीला तिथे चांगलं घट्ट मैदान पडतं. आपण मालवण बंदरात उभं राहायचं, साहेब पडावातून, म्हणजे बोटीवरून माणसं आणणाऱ्या होडीतून, उतरला की त्याला हार घालायचा आणि गावाला वळसा घालून थेट वाळूवर न्यायचं. गाव बघू दे की ना बघू दे, संघ बघू दे.

गुरुवारी सकाळी ढोल वाजला आणि चिरंबे निघालं. कोंबड्या टोपल्यांत, गुरं दाव्याला, म्हाताऱ्या खांद्यावर. मांजरांचा दर पळणीला घोळ होतो, ती ऐकत नाहीत. या खेपेला लवू तेलाच्या काठ्या खांद्यावर घेऊन पुढे झाला आणि सगळी मांजरं शिस्तीत मागून आली. म्हणूनच साहेब, तुम्हाला गावात मांजरसुद्धा दिसलं नाही. तो आमच्या संघाचा पहिला विजय होता, आणि तुम्ही तो आमच्याविरुद्ध लिहिलात.

गुरुदास मालवणला बंदरावर उभा. बोट आली, पडाव आले, मुंबईकर उतरले, ट्रंका उतरल्या, एक बकरा उतरला, साहेब काही उतरले नाहीत. शेवटी धक्क्यावरच्या पानवाल्याने सांगितलं, "टोपयेवालो सायब? तेका बोट लागता. तो काल यष्टीन इलो. सकाळीच बैलगाडी करून चिरंब्याक गेलो."

गुरुदासाने हार पानवाल्याच्या गळ्यात टाकला, कुणाची तरी सायकल मागितली आणि निघाला. चढावर सायकल ढकलायची, उतारावर स्वतःला सांभाळायचं. वाटेत त्याला रिकामी बैलगाडी परत येताना भेटली. गाडीवान म्हणाला, "वेशीर सोडलंय तेका. भुतूर मी कसो जातलो? पळण आसा. तेका सांगलंय मी. तो म्हणता, सरकारी कामाक पळण नसता."

वाळूवर पोचला तेव्हा नारळीच्या झापांच्या राहुट्या उभ्या होत्या, चुलींवर कोंबड्या शिजत होत्या आणि सगळं गाव काठावर हात जोडून उभं होतं. खाडीपलीकडे, मोकळ्या चिरंब्यात, पांढरी विजार, पांढरी टोपी आणि काळी छत्री अशी एक आकृती घराघरांच्या दारांवर टकटक करत फिरत होती.

"देव फिरता," काशीराम तात्या हलक्या आवाजात म्हणाले.

"देवान टोपयी कित्याक घातली?" चंद्रावती म्हणाली.

"उनाक."

"तात्यानु, ह्यो देव नाय," गुरुदास धापा टाकत म्हणाला. "मुंबैचो सायब आसा."

तात्यांनी जोडलेले हात सोडले नाहीत. "असांदे. दोघांकय हात जोडलेले बरे."

गुरुदासाने ओरडून पाहिलं. साहेबांनी इकडे तिकडे बघितलं, मग त्यांना आम्ही दिसलो. त्यांनी हात केला: इकडे या. आम्ही हात केला: तुम्ही या. साहेबांनी आणखी जोरात हात केला. असं दोन्ही काठांनी एकमेकांना बराच वेळ बोलावलं. मधे पाणी गुडघाभर होतं, साहेब. तुमची विजार पांढरी होती हे मान्य.

गुरुदासाला राहवेना. त्याने वहाणा काढल्या आणि पाण्यात पाय घातला. लगेच बारा मानकऱ्यांनी त्याच्याभोवती वेढा घातला. हॉकीच्या सरावाला यातला एकही एवढ्या चपळाईने आला नव्हता.

"पाय मागे घे, गुरुदास. पळण मोडली तर पुन्ना तीन दिस."

"आणि माझा काय?" गुरुदास म्हणाला. "एकदा तो मुंबैक परत गेलो की संपला. तुमचो मान रवतलो. मी उद्यापासून कोंडो उडवतलंय."

ढोलवाल्याने टिपरू खाली ठेवलं. सुगंधा कोंबडीच्या टोपाजवळून उठली, हात पदराला पुसत काठावर आली आणि पलीकडे टोपीकडे, मग अलीकडे नवऱ्याकडे बघितलं.

"थंय जावक कित्याक व्हया?" ती म्हणाली. "हंय खेळा. तेका डोळे आसत मा?"

बायका असं बोलतात तेव्हा पुरुषांना वाटतं हे आपल्याला सुचणारच होतं. गुरुदासाने शिटी काढली. संघाच्या विरुद्ध गावातले उरलेले गडी वल्ही घेऊन उभे राहिले. झापाचे गोल झाले. पण देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय गावात कुठलीही गोष्ट सुरू होत नाही. तात्यांनी नारळ हातात घेतला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां मुंबैक दुसरो संघ घेवन निघाली आसत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्या काठयेक बळ दी, पायात मांजर येव नये, आणि पलीकडे जो कोण उभो आसा, तो देव असांदे नायतर सायब, तेचे डोळे उघडे ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

एवढ्या लोकांचा आवाज खाडीवरून गेला तेव्हा साहेबांनी छत्री मिटली. मग ते खाडीच्या घाटाच्या दगडावर बसले. हे सगळ्या गावाने पाहिलं आहे. साहेब बसले.

तात्यांनी बुली केली. तीनदा टेकवलं, अगदी हळू, जत्रेला शोभेल असं. आणि मग ते बाहेर गेलेच नाहीत. मान एकदा मिळाला की सोडवत नाही. ते मैदानाच्या मधोमध काठी टेकून उभे राहिले आणि दोन्ही संघांनी त्यांना देवळासारखी प्रदक्षिणा घालत खेळ केला. लवूने तर त्यांना मेर समजून चेंडू त्यांच्या डोक्यावरून उचलला आणि पलीकडे पकडला. पहिला गोल झाला. दुसरा झाला. तिसऱ्याच्या वेळी गुरुदास खेळ बघतच नव्हता, तो खाडीपलीकडे बघत होता. साहेब उभे राहिले होते. मिटलेली छत्री दोन्ही हातांत खाली धरून ते लवूबरोबर डावीकडे-उजवीकडे हलत होते. गुरुदासाला मुंबईची गिरण आठवली नाही, मेव्हणा आठवला नाही. ज्याच्या हातातली छत्री अशी हलते, तो माणूस आतून आपला असतो, असं त्याला वाटलं. हॉकीवाल्यांना असं वाटतं.

मग लवूने मारला तो फटका. धोंडूचं होडीचं लाकूड, जाळ्याने घडलेले खांदे आणि गुरुदासाने मुंबईहून जपून आणलेला एकमेव खरा कातडी चेंडू. चेंडू गोलावरून गेला, राहुट्यांवरून गेला, पाण्यावरून गेला, आणि पलीकडच्या घाटावर दोन टप्पे घेऊन साहेबांच्या बुटापाशी थांबला.

साहेब वाकले. त्यांनी चेंडू उचलला, रुमालाने पुसला, उन्हात धरून बघितला. सगळ्यांना वाटलं, आता परत टाकतील. साहेबांनी चेंडू विजारीच्या खिशात घातला, घड्याळ बघितलं, छत्री उघडली आणि वेशीकडे चालू लागले. खिसा एका बाजूला फुगलेला होता. ते वेशीआड होईपर्यंत तो दिसत होता.

"देव नव्हतो," चंद्रावती म्हणाली. "देव पुसून खिशात घालणा नाय."

तीन दिवसांनी कौल मिळाला, गाव वाजतगाजत घरी आलं, आणि पुढे तुमचा कागद आला. निर्मनुष्य. संघ अस्तित्वात नाही. गुरुदासाने तो दोनदा वाचला, घडी घातली, घरात जाऊन आपली काठी आढ्याला अडकवली आणि धोतर-सदरा पिशवीत भरला. मसुऱ्याचा रस्ता त्याला पाठ होता. तो उंबऱ्यापर्यंत गेला.

सुगंधा दारातच सुपात तांदूळ पाखडत बसली होती. ती उठली नाही आणि बाजूलाही झाली नाही.

"खंय निघालात?"

"गिरणीर. हरलंय मी. कबूल केल्लंय."

"पैज काय होती? संघ गेलो तर मुंबै, नाय गेलो तर गिरण. ह्यो मेलो लिवता, संघच नाय. नाय असलेलो संघ जाता कसो आणि रवता कसो? माका सांगा." सूप थांबलं. "माझ्या डोळ्यांसमोर चेंडू खिशात घातल्यान. आमच्या घरातलो चेंडू. मी गिरणीबिरणीचा मगे बगीन. पयलो तेका इचारा."

गुरुदासाने पिशवी खाली ठेवली. इतकी वर्षं ती त्या चेंडूला "तुमचो" म्हणायची.

शंकराचा निरोप येतो, गिरणीवरची जागा अजून मोकळी आहे म्हणून. सुगंधा उलट निरोप धाडते, उत्तर येऊंदे. संध्याकाळी कुणग्यात पोरं जमतात. चेंडू नाही म्हणून सुक्या काथ्याचा गोळा करून खेळतात, आणि गुरुदास मेरेवर उभा राहून ओरडतो. तुमच्या मुंबईत दुसरा संघ झालेला नाही असं पेपरात वाचतो. तो एकुलता एक संघ अजून स्वतःशीच खेळत असेल.

तेव्हा साहेब, आता एकच विचारतो. गावात माणूस नव्हता, संघ नव्हता, खेळणारा कुणी नव्हता, सही तुमची आहे. मग तुमच्या विजारीच्या खिशात गेलेला तो चेंडू खाडीपलीकडून मारला कोणी? नाव लिहून कळवा. आणि टपालाने नको, चेंडू घेऊन स्वतः या. कधी येता?